मळाच्या वळ्या

प्यो जोंगदलला माणसाच्या अंगाची कधी घाण वाटली नाही. कोरियातल्या बुसान शहराच्या योंगदो बेटावर, सोनामू न्हाणीघरात, बत्तीस वर्षं त्याने लोकांची अंगं चोळली. जहाजांचा गंज खरवडणारे, मासळी उतरवणारे, उद्या बोहल्यावर चढणारे, परवा तुरुंगात जाणारे, सगळे त्याच्या बाकावर सारखेच उघडे पालथे पडत. हातात हिरवा खरखरीत मोजा चढवायचा आणि मानेपासून टाचेपर्यंत मळाच्या वळ्या काढत जायचं. पाठीवर दोन थापा मारल्या की गिऱ्हाईक कुशीवर वळे. वर गरम पाणी ओतलं की माणूस उकडलेल्या कोळंबीसारखा लालबुंद होऊन उठे आणि जोंगदल पुढच्याला हाक मारी.

आता एकसष्टाव्या वर्षी मात्र त्याला उठताबसता शिसारी येत होती, आणि तीही जिथे कुणी अंगातला शर्टसुद्धा काढत नव्हतं अशा जागी. न्हाणीघर बंद पडून दीड वर्ष झालं होतं. जहाजांचे पंखे दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, सो हारिम नावाची एकतीस वर्षांची मुलगी आणि तिचा जोडीदार मेंग गिचोल अशी दोघं मिळून डोळ्यांवर चढवायच्या चष्म्याचे खेळ बनवत. चष्मा कसला, डबाच तो. डोक्याला बांधला की खोली नाहीशी व्हायची आणि माणूस दुसऱ्याच जगात हात फिरवत उभा राहायचा. हारिमला न्हाणीघराचा खेळ करायचा होता. लहानपणी तिची आजी तिला तिथेच बायकांच्या बाजूला नेत असे, म्हणून ती जोंगदलला शोधत घरी आली आणि म्हणाली, काका, आम्हाला शिकवा.

त्या डब्याच्या आत चेहऱ्याला टेकणारी एक गादी असते. खेळ जमलाय का हे बघायला बाहेरची माणसं बोलवावी लागत, आणि दिवसाकाठी आठ-दहा जण येऊन त्याच गादीत तोंड खुपसून जात. कपाळाचा घाम, गालावरची पावडर, तळलेल्या कोंबडीचं तेल, सगळं त्या गादीत मुरे, आणि गिचोल ती स्वतःच्या बाहीने पुसून पुढच्याच्या तोंडाला लावे. ती बाही कधी धुतली होती देव जाणे. टेबलाखाली नूडल्सच्या वाट्या एकात एक रचून ठेवलेल्या, सगळ्यात खालच्या वाटीत सिगरेटची थोटकं तरंगत. जोंगदलने पहिल्याच दिवशी घरून बारा पंचे आणि निर्जंतुक करायची बाटली आणली. गिचोल हसला होता. या लोकांना धुतलेल्या माणसाचा मळ बघून ‘ई’ करायला येतं आणि परक्याच्या घामात तोंड बुडवायला काही वाटत नाही, हे जोंगदलच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही.

पण सुरुवातीचे दिवस चांगले गेले, हे त्याने नंतरही कबूल केलं असतं. त्याच्या मनगटांना पट्टे बांधून चार दिवस त्याच्याकडून एक प्लास्टिकचा पुतळा चोळून घेतला. हात कुठून कुठे जातो, बगलेत किती हळू, पोटऱ्यांवर किती जोर, सगळं यंत्रात उतरलं. खेळात त्याचेच हात चालणार होते. शेवटी येणाऱ्या नावांत ‘गुरू : प्यो जोंगदल’ असं लिहायचं ठरलं होतं. तो घरी जाऊन बायकोला हे दोनदा सांगून बसला.

मग चाचण्या सुरू झाल्या. चाचणीचा नियम एकच होता. खेळणाऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, तो काय करतो, काय बोलतो ते लिहून घ्यायचं आणि स्वतः चकार शब्द काढायचा नाही. जोंगदलला तो नियम आवडला, कारण त्याच्या धंद्याचाही नियम तसाच होता. बाकावर जे दिसेल ते बाकावरच ठेवायचं. मात्र मागे बसून त्याने भलतंच पाहिलं. निम्मे लोक मोजा हातात घेऊन आधी गिऱ्हाइकाला थोबाडीत मारत. बाकीचे त्याचा पंचा ओढून खाली काय आहे ते बघत. चोळायचा मात्र सगळ्यांना कंटाळा. एकदा गिचोलच्या हातून आकडा चुकला आणि मळाच्या वळ्या काकडीएवढ्या जाड निघू लागल्या. खेळणारी मुलगी हसून हसून जमिनीवर बसली आणि मैत्रिणींना बोलवायला धावली. त्या दिवसापासून खेळाची दिशाच फिरली. वळ्या आणखी जाड झाल्या, मग त्या वळवळायला लागल्या, मग त्यांना ‘चप्प’ असा आवाज आला. जोंगदल म्हणाला, असं कुणाचं अंग नसतं. हारिमने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, लोकांना हेच हवंय, काका.

एका दुपारी तिघं डुकराच्या हाडांचा रस्साभात खायला गेले. सोजू दारूची बाटली उघडली होती. दोघांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. तुमच्यासारखे हात अख्ख्या बुसानमध्ये नाहीत, तुमच्याशिवाय हा खेळ उभाच राहिला नसता, वगैरे. दीड वर्षात त्याच्याशी इतका वेळ कुणी बोललं नव्हतं.

“काका, खरं सांगा,” हारिम पुढे वाकून म्हणाली, “बत्तीस वर्षांत असं एक तरी अंग असेल, की हात लावायच्या आधी तुम्हीसुद्धा थांबलात.”

आणि जोंगदलची जीभ सुटली. त्याने शिम मानसोपचं सांगितलं. गोदीत वेल्डिंग करणारा, पाठभर भाजल्याचे चट्टे. पुढे आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटावर शौचाची कायमची पिशवी लागली. चारचौघांत न्हाणीघरात यायची सोय उरली नाही. म्हणून दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, हौद रिकामे करून घासायचे असत तेव्हा जोंगदल त्याला बॉयलरच्या मागच्या दाराने आत घेई. पिशवीच्या कडेकडेने बोट बोट करून अंग धुऊन देई. एकदा पिशवी सुटली होती. मानसोप भिंतीकडे तोंड करून रडला होता, आणि जोंगदलने पाणी ओतून दोन थापा मारल्या होत्या, जणू काही झालंच नाही. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. दोघं घास थांबवून ऐकत होते. जोंगदलला वाटलं, भिडलं त्यांना.

भिडलंच होतं. तीन आठवड्यांनी गिचोलने खेळातलं शेवटचं गिऱ्हाईक दाखवायला जोंगदलच्या डोक्याला डबा बांधला. वाफेतून एक म्हातारा चालत आला. पाठीवर चट्टे, पोटावर फुगलेली पिशवी. पिशवी फुटायच्या आत त्याचं अंग चोळून संपवायचं होतं. नाही जमलं तर ती फुटे, भिंती माखत, आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून विचित्र आवाजात भोकाड पसरे. जोंगदलने डबा काढला, मोरीपर्यंत गेला आणि दुपारचं सगळं ओकला. गिचोल वही घेऊन मागे आलाच. नवख्यांना या चष्म्याने गरगरतं, चित्र जरा हळू करायला हवं, असं त्याने लिहून घेतलं.

जोंगदलने तो भाग काढायला सांगितलं. हारिमने कागद दाखवला. बारापैकी अकरा जणांना शेवटचं गिऱ्हाईकच सगळ्यात आवडलं होतं. नाव तर कुठेच नाही काका, तिने समजूत काढली, कोण ओळखणार.

कोण ओळखणार हे जोंगदलला दोनच दिवसांत कळलं. भाजी घ्यायला गेला असताना मानसोप समोरून आला. चेहरा खुललेला. म्हणाला, तू हल्ली कॉम्प्युटरवाल्यांत असतोस म्हणे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. येत्या रविवारी सभागृहात तुमचा खेळ लोकांसमोर मांडणार आहात ना, नात घेऊन चालली आहे मला. तुझे हात आहेत त्यात, मला बघायचेच आहेत. जोंगदलने नको म्हणून पाहिलं, गर्दी असते, उभं राहावं लागतं. मानसोप म्हणाला, तुझ्यासाठी उभा राहीन.

घरी जाऊन तो जेवला नाही. त्या पोरांची त्याला किळस येत होतीच, पण ती पोरं काय, त्यांना कुणीतरी दिलं तेच त्यांनी वापरलं. देणारा कोण होता हे तो आरशात बघायला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोघांसमोर शर्ट काढला आणि पाठ फिरवली. न्हाणीघर होतं तोवर त्याची पाठ दुसरा चोळणारा चोळून देई. ती सवय न्हाणीघराबरोबर गेली. स्वतःचा हात पोचत नाही तिथे, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, दीड वर्षाचा काळपट पट्टा साचला होता, आणि त्याखाली बॉयलरच्या नळीने भाजल्याचा चंद्रकोरीसारखा जुना डाग, न्हाणीघरात तो उघड्या अंगाने राबे तेव्हा सगळ्यांना दिसणारा.

“हे घ्या,” तो म्हणाला. “यात हवे तेवढे किडे घाला, माझा चेहरा लावा. पण तो माणूस काढून टाका. पिशवी, चट्टे, रडणं, सगळं.”

मग गिचोलने फोटो काढायला फोन उचलला. हारिमने एकदा ‘काका’ म्हटलं. फोटो मात्र तिने थांबवले नाहीत.

तिने तो माणूस खेळातून काढून टाकला. रविवारी सभागृहात रांग लागली होती. जोंगदल नियमाप्रमाणे मागे खुर्चीवर, मांडीवर वही. समोरच्या मोठ्या पडद्यावर त्याची स्वतःची पाठ हातभर वाढलेली, आणि तिच्यातून अळ्या निघत होत्या. लोक किंचाळत होते. एक पोरगा मित्राला म्हणाला, हा मेलेला असणार रे, जिवंत माणूस एवढा घाण नसतो. जोंगदलने ते शब्द नीट अक्षरात उतरवून घेतले. प्रत्येक माणूस गेला की उठून तो गादी पुसत होता.

दुपारी मानसोप आला. नातीने त्याला डबा बांधला. पहिली गिऱ्हाइकं त्याने पटापट उरकली. शेवटचं आलं तेव्हा त्याचा हात थांबला. अळ्या पडत राहिल्या, वेळ सरत गेला, रांगेतले लोक ‘घासा, घासा’ म्हणून ओरडायला लागले. त्याने दोन बोटांनी तो चंद्रकोरीचा डाग चाचपला. मग वरपासून खालपर्यंत, सावकाश, एकाच दिशेने चोळत गेला, जसं त्याने बाकावर पडून वर्षानुवर्षं चोळून घेतलं होतं. पाठ अर्धीसुद्धा झाली नाही तोवर वेळ संपला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘हरलात’ आलं आणि लोक हसले.

डबा काढून तो जोंगदलजवळ आला आणि खुर्चीशेजारी वाकला.

“कशाला रे हे करून घेतलंस? असा तमाशा मांडतात का स्वतःचा?” त्याचा आवाज हळू होता. मग त्याने जोंगदलच्या खांद्यावर हात ठेवला. “खरं सांगू, रात्रभर झोप नव्हती मला. वाटत होतं, खेळ करणाऱ्यांनी खोदून विचारलं असेल, आणि तू माझं काही बोलला असशील. तुझ्यावर संशय घेतला, माफ कर. तू तोंडाचा पक्का, हे मी विसरलो.”

जोंगदलने खाली बघितलं. बत्तीस वर्षांत ज्या वासाने, ज्या फोडांनी, ज्या पिशवीने जे झालं नव्हतं ते त्या हाताच्या स्पर्शाने झालं. त्याला स्वतःच्या अंगाची घाण वाटली, आणि खांदा झटकून टाकावासा वाटला. त्याने झटकला नाही. मानसोप नातीचा हात धरून गर्दीतून निघून गेला.

हारिम धावत आली. चाचणीची वही बघून म्हणाली, या आजोबांची जागा कोरीच आहे काका, एवढा वेळ बोलत होते, काय म्हणाले ते?

“काही नाही,” जोंगदल म्हणाला आणि गादी पुसायला उठला.