विहिरीजवळचं यंत्र

काल एसटी स्टँडवर पाण्याच्या यंत्रापुढे एक मजूर बाई उभी होती. नाणं टाकल्याशिवाय पाणी येत नाही हे कळल्यावर तिने रिकामी बाटली परत पिशवीत ठेवली. मी पुढे होऊन नाणं टाकलं. ती हसली, मीच ओशाळलो. आणि नाना आठवले.

नाना आमच्या गावातले समतेच्या चळवळीचे पुढारी. विहीर सगळ्यांना खुली व्हावी म्हणून तरुणपणी त्यांनी इतका मार खाल्ला, की डाव्या कानाने कायमचं ऐकू येईनासं झालं. पुढे ती विहीर आटली आणि तिच्याजवळच असं यंत्र बसलं, तेव्हा ते माझ्या शिलाईच्या दुकानात सदऱ्याचं माप द्यायला आले होते.

मी म्हणालो, "बरं झालं नाना, यंत्र कुणाची जात विचारत नाही."

"खिसा विचारतं ना," नाना म्हणाले. "आम्ही ज्यांच्यासाठी भांडलो, त्यांचाच खिसा रिकामा आहे रे. पाणी प्यायचा हक्क मिळाला, पाणी कुठे मिळालं?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानाबाहेर माठ ठेवला. तो पाहून नानांना आनंद झाला, पण म्हणाले, "एवढ्यावर थांबू नकोस. ग्रामपंचायतीत नळ मागायला चल माझ्याबरोबर."

मी भिडस्त माणूस, तरी गेलो. खूप खेटे घातल्यावर नळ आला. आज तिथे पाणी भरणाऱ्या कितीतरी जणांना नाना ठाऊकही नाहीत. मला मात्र त्यांच्या शेजारी उभं राहायला मिळालं.