आप्पांची बोट नदीकाठी का नव्हती

भूपालआप्पा गेल्याचे मला त्यांच्या मुलाने, शांतिनाथने, सकाळी फोनवर सांगितले. मी तेव्हा परसात बसून त्यांच्याच बोटीच्या इंजिनाचा पंखा कानशीने घासत होतो; एका पात्याला दगड लागून खाच पडली होती. "काका, आप्पा गेले," एवढेच तो म्हणाला. मी कानस लगेच खाली ठेवली नाही. उरलेले पाते पुरे केले, हात धुतले आणि मग निघालो. याला कोणी कोरडेपणा म्हणेल. म्हणो बापडे. पावसाळा पंधरा दिवसांवर आला होता, आणि काम अर्धवट टाकून आलेल्या माणसाला आप्पांनी कधी चहा विचारला नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. मधल्या काळात निपाणीत शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, आप्पांना उतारवयात जलविहाराचा छंद जडला होता. दुसऱ्यांनी सांगितले की, पहिली बोट आप्पांच्या विसराळूपणामुळे बुडाली आणि ते मनाला लागल्याने त्यांनी दुसरी, मोठी घेतली. तिसऱ्यांनी तर सूचनाच मांडली: ही बोट आप्पांच्या गावी, नदीच्या घाटावर, चौथरा बांधून स्मारक म्हणून ठेवावी. सभेने टाळ्या वाजवल्या. मी बोलायला उठलो तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. कागदावर कोणी घंटा वाजवू शकत नाही, म्हणून हे लिहितो आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि तिसरे चुकीचे तर आहेच, शिवाय धोक्याचे आहे.

छंदाचे आधी निकालात काढतो. आप्पांना पोहता येत नव्हते. पाण्याची त्यांना भीती वाटे. माझ्या माहितीत ते बोटीत एकदाच बसले, तेही ती जमिनीवर असताना.

मी मूळचा उचगावचा. तंत्रशाळेत निदेशक म्हणून निपाणीला आलो आणि इथलाच झालो. आप्पांच्या तंबाखूच्या वखारीतला गठ्ठे दाबण्याचा दाब बिघडला होता, तो दुरुस्त करायला गेलो, ती आमची पहिली भेट. काम झाल्यावर त्यांनी दाब स्वतः चालवून पाहिला, कान लावून ऐकला आणि म्हणाले, "मास्तर, आवाज बरा झालाय. पर डावीकडं अजून कुरकुरतंय." खरोखरच कुरकुरत होते. मला राग आला, आणि त्या रागातून पुढे छत्तीस वर्षांची मैत्री झाली. ते मला शेवटपर्यंत मास्तर म्हणाले आणि शेवटपर्यंत माझ्या कामात कुरकुर शोधत राहिले.

त्यांचे गाव वेदगंगेच्या काठी, निपाणीपासून दोन-अडीच कोसांवर. नदी फुगली की गावाचे बेट होते. एका पुरात सरकारी नाव वेळेवर पोचली नाही, म्हणून आप्पांनी गावासाठी एक छोटी फायबरची बोट घेतली. ती घाटावर ठेवली. चोरीला जाईल, इंजिन कोणी काढून नेईल, या भीतीने तिला जाड साखळी लावली गेली. साखळी घाटाच्या दगडातल्या कडीत आखूड अडकवली आणि तिला कुलूप ठोकले. पुढच्या मोठ्या पुरात पाणी वाढले, बोट वर उचलली जायला हवी होती, पण साखळीने तिचे पुढचे टोक खाली धरून ठेवले. बोट जागच्या जागी भरली आणि बुडाली. गावातली माणसे दीड दिवस शाळेच्या गच्चीवर बसून होती. माणूस एकही गेला नाही, पण गोठ्यांत बांधलेली जनावरे गेली, आणि त्यांचे हंबरणे थांबलेले ज्यांनी गच्चीवरून ऐकले, ते अजून त्यावर बोलत नाहीत.

"आप्पा साखळी सोडायचं विसरले." हे वाक्य तेव्हापासून या पंचक्रोशीत फिरते आहे. आता खरे काय ते लिहितो. साखळी लावा, हा हट्ट माझा. ती आखूड ठेवली मी. कुलूप माझ्या पसंतीचे होते, आणि किल्ली एकच... ती माझ्या खिशात होती. मी त्या दिवशी बेळगावजवळच्या मच्छ्याला मुलीकडे गेलो होतो. रस्ते बंद झाले आणि बोटीची किल्ली तीन दिवस मच्छ्यात, माझ्या सदऱ्याच्या खिशात, कोरडी ठणठणीत राहिली. आप्पांना हे माहीत होते. लोक त्यांच्या तोंडावर "विसरला व्हय आप्पा?" म्हणत, तेव्हा ते मान हलवत आणि विषय बदलत. मी एकदा म्हणालो, मी जाऊन सांगतो सगळ्यांना. त्यावर ते म्हणाले, "सांगून म्हशी परत येणार हाईत काय? गप बसा. दुसरी बोट बघाय जायाचंय." मी गप्प बसलो. त्यांच्या हयातीत गप्प बसलो, हे मी माझ्या खाती जमा धरत नाही.

दुसरी बोट मोठी हवी होती, वीस-बावीस फुटांची, म्हातारी माणसे आणि शेळ्या-कोकरे बसतील अशी. आणि नवी परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा वापरलेली शोधायला आम्ही कोकणात उतरलो. एका बंदरावर पर्यटकांना फिरवणारी एक बोट विकायला होती. मी इंजिन उघडले, तपासले, चालू केले. उत्तम होते. मी आप्पांना खूण केली: घ्या. आप्पा मात्र बोटीभोवती फिरत होते. तंबाखूच्या व्यापाऱ्याची सवय. पान बोटांत चुरल्याशिवाय आणि नाकाला लावल्याशिवाय भाव बोलायचा नाही. त्यांनी बोट हुंगली. मग बोटाच्या पेराने तिला टकटक ठोकत पुढून मागे गेले, आणि इंजिन टांगतात त्या मागच्या फळीपाशी थांबले.

"मास्तर, हितं बद्द वाजतंय."

मालक हसून म्हणाला, "शेटजी, तंबाखू नाय ही."

"व्हय की. पर मुरलेलं पाणी तंबाखूत बी असंच वाजतंय," आप्पा म्हणाले. "वरनं रंग नवा, आतली फळी कुजल्याली. इंजिनासकट मागचा भाग पाण्यात जाईल एक दिवस."

मालकाचे हसणे मावळले. त्याने जेवायला थांबण्याचा आग्रह केला; आप्पा जैन, दिवस मावळण्याआधी जेवायचे म्हणून त्यांनी आपली शिदोरी सोडली आणि आम्ही तिथेच धक्क्यावर बसून जेवलो. माझी मान खाली होती. ज्या माणसाला पाण्याची भीती वाटत होती, त्याने मला, यंत्रे शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला, बोट पारखायला शिकवले. याचा मला तेव्हा संताप आला होता. आज अभिमान वाटतो.

महिन्याभराने वेंगुर्ल्याकडे दुसरी सापडली. रंग उडालेली, कुरूप, पण ठोकल्यावर पुढून मागेपर्यंत एकसारखी खणखणीत. ती ट्रेलरवर चढवून आंबोली घाटातून आणली. वळणावळणावर बसगाड्यांतले लोक डोके बाहेर काढून पाहत होते. डोंगर चढणारी बोट त्यांनी कधी पाहिली नसावी.

खरा वाद पुढेच होता: ठेवायची कुठे? वखारीच्या ओसरीवर बैठक बसली. गावचे पुढारी म्हणाले, घाटावर शेड घालू. आप्पांचा पुतण्या म्हणाला, हिडकल धरणाच्या पाण्यात ठेवू, बोट पाण्यातच शोभते. मी नकाशा करून नेला होता: घाटाच्या वर आठ फूट उंच सिमेंटचा ओटा, त्यावर कप्पी आणि साखळी. साखळी या शब्दाला आप्पांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिले. सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मग म्हणाले:

"पूर पयला कुनाला धरतोय? नदीकाठच्याला. आनि तुमी सगळे मिळून बोट नदीकाठी ठेवताय. बोटीला पाण्याजवळ ठिवायचं न्हाय, रस्त्याजवळ ठिवायचं. पानी चढंल तसं ते रस्त्यावर येतंयच की. जितं येईल तितं बोट न्यायची."

"मग ठेवता कुठं?" मी विचारले.

"हितंच. वखारीत. अर्धी रिकामीच हाय."

मी म्हणालो, हा वेडेपणा आहे. बोट पाण्यापासून अडीच कोसांवर ठेवणारा तुम्ही जगातला पहिला शहाणा. आणि नकाशाची गुंडाळी करून उठलो. पंधरा दिवस त्या बाजूला फिरकलो नाही. लोक म्हणतात वखारीची कल्पना आम्हा दोघांची होती. ती आप्पांची एकट्याची होती, आणि मी तिला विरोध केला होता.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा काम झालेले होते. बोट ठेवली होती ती तंबाखूसारखी. वखारीत तंबाखूचे बोद, म्हणजे बांधलेले गठ्ठे, कधी जमिनीवर टेकवत नाहीत. खाली ओंडके घालून, भिंतीपासून हातभर सोडून रचतात, म्हणजे खालून-मागून वारा खेळतो, आणि ठराविक दिवसांनी ते पालटतात. ट्रेलर ओंडक्यांवर टेकवून चाके अधांतरी, बोट भिंतीपासून हातभर दूर, पुढचे टोक दाराकडे. चाके फिरवून पालटायची, त्यांतली हवा पाहायची, हे काम वखारीतल्या बायकांकडे दिलेले. त्यांच्या मुकादम सुंदराक्का, तोंडाच्या फटकळ. मला पाहून म्हणाल्या, "या मास्तर. रुसवा संपला न्हवं? आता ह्या तुमच्या म्हशीच्या बुडाचं बूच कुठं ठिवायचं ते सांगा."

बोटीच्या तळाला एक बूच असते. ठेवणीत ते काढून ठेवतात, म्हणजे आत साचलेले पाणी निघून जाते. पाण्यात नेताना लावायलाच हवे, नाहीतर बोट आपणहून भरते. मी म्हणालो, माझ्याकडे द्या, जपून ठेवतो.  आप्पांनी वखारीच्या किल्लीला सुतळीने ते बूच बांधले. किल्ली नेईल त्याच्याबरोबर बूच जाणारच. आणि मग ती किल्ली त्यांनी बाहेर, ओसरीच्या खांबाला, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला अडकवली.

"चोरी झाली तर?" मी विचारले.

"व्हईल तवा बघू," आप्पा म्हणाले. "किल्ली खिशात न्हाय ठिवायची, मास्तर. खिळ्यावर."

एवढेच. माझ्या चुकीवर आयुष्यात ते जे काही बोलले, ते एवढेच बोलले.

पुढचा पूर आला तेव्हा आप्पा बेळगावला इस्पितळात होते आणि मी गुडघा बांधून घरात. बातमी कळताच मी शांतिनाथला फोन लावला, तोही वडिलांपाशीच. मी काठी घेऊन कसाबसा वखारीवर पोचलो, तर दार सताड उघडे. आत ओंडके तेवढे. सुंदराक्कांनी पहाटे किल्ली काढली होती, शेजारच्या ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला होता, आणि गावचा एक जुना नावाडी बरोबर घेऊन बोट रवाना केली होती. हमरस्त्याच्या उतारावर जिथे पाणी डांबराला भिडले होते, तिथून ती पाण्यात उतरली. घाट तेव्हा कुठे होता हे सांगायला काठच्या देवळाचा कळस तेवढा वर दिसत होता. संध्याकाळपर्यंत गावातली म्हातारी-कोतारी, बाळंतिणी, शेरडे-कोकरे, सगळे रस्त्यावर आले. दाव्याला बांधलेले एकही जनावर त्या दिवशी राहिले नाही. आधी माणसे, मग दावी सोडायला बोट पुन्हा गेली.

मी बेळगावला फोन करून आप्पांना सांगितले. वाटले, आपल्याला न विचारता बोट नेली म्हणून रागावतील. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आपल्याला कुणी इचारलंच न्हाय की हो, मास्तर!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "कुणी इचारलंच न्हाय!" घरातले कार्य आपल्याशिवाय पार पडले की म्हाताऱ्याला जो आनंद होतो, तो त्या आवाजात होता. परत आल्यावर त्यांनी ओंडक्यांवरच्या बोटीला शिडी लावायला सांगितली, वर चढून मधल्या फळीवर बसले, सगळीकडे पाहिले आणि उतरले. ते बोटीत बसले ते एकदाच, असे मी वर लिहिले ते हेच.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी घासलेला पंखा घेऊन मी वखारीवर गेलो. खांबावर खिळा होता, किल्ली नव्हती. सुंदराक्का म्हणाल्या, "शांतू घिऊन गेलाय. कपाटात ठिवतो म्हनला, जबाबदारी हाय म्हनून." बाहेर पावसाची झड लागलेली होती. मी तसाच शांतिनाथकडे गेलो. त्याच्या समोर स्मारकाच्या चौथऱ्याचा नकाशा होता, घाटावरचा, माझ्या जुन्या नकाशासारखाच देखणा. मी त्याला बसवले आणि साखळीची गोष्ट सांगितली. आखूड साखळी, एकच किल्ली, मच्छे, खिसा. त्याने ती पहिल्यांदाच ऐकली. 

"काका, आप्पा एवढी वर्षं लोकांचं ऐकून घेत होते... तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी नव्हे," मी म्हणालो. "माझ्या नादात वेळ घालवायचा नव्हता त्यांना. दुसरी बोट बघायला जायचे होते."

 त्याने नकाशा माझ्यादेखत घडी करून ठेवला.

परवा सकाळी वखारीवरून गेलो. दार बंद होते, आतून सुंदराक्कांचा कोणावर तरी ओरडण्याचा आवाज येत होता, चाके पालटण्याचा दिवस असावा. ओसरीच्या खांबावर, खिळ्याला, किल्ली होती. बुचाची सुतळी कुजली होती ती बदलून कोणीतरी नवी लावली होती, दुहेरी गाठ मारून. मी हात लावून पाहिला नाही. रस्त्यावरून दिसत होती, तेवढे पुरे होते.