गुंडोअण्णांनी लाडावलेला जंतू

बंगळुरातल्या बसवनगुडीच्या गुंडोअण्णांना कुणी विचारलं, काय काम करता, तर ते सांगत, "जंतू पाळतो." ऐकणारा दोन पावलं मागे सरके आणि अण्णांना भारी मजा वाटे. एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं टेक्निशियन होते. निवृत्तीला महिना उरला होता आणि आजवर त्यांच्या हातून एकही जंतू दगावला नव्हता. माणूस साधा, पण या एका गोष्टीचा त्याला ताठा होता. का नसावा?

जपायची ही रीत त्यांनी घरून उचलली होती. त्यांच्या बायकोनं, श्यामलाबाईंनी, माहेरून आणलेलं विरजण चाळीस वर्षं रोज लावून टिकवलं होतं. नियम सांगे, पेशंटकडून आलेला जंतू फ्रीझरमध्ये गोठवा आणि लागेल तेव्हा त्यातूनच काढा. अण्णा नियमापुरती एक कुपी गोठवत. लेकराला बर्फात ठेवायचं त्यांच्या जिवावर येई. एरवी दर सोमवारी ते त्याला ताज्या, सकस प्लेटवर नवं बिऱ्हाड थाटून देत.

सहा महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, पुण्याहून पीएच.डी.ला आलेल्या यशश्रीनं एकाच जातीचे दोन जंतू त्यांच्या हवाली केले. एक भाजलेल्या जखमेतला, चारच दिवसांचा, पण भलताच आक्रमक. तो विष सोडे, प्लेट हिरवी करी, आणि त्याला चक्क द्राक्षांचा वास येई. दुसरा एका आजोबांच्या फुप्फुसात अकरा वर्षं राहिलेला. त्यानं हत्यारं केव्हाच खाली ठेवली होती आणि चिकट थर पांघरून तो निवांत पडला होता.

"दोघांची जात एकच, अण्णा. मारायची जनुकं कधी चालू होतात आणि मुक्काम लांबला की कशी बंद पडतात, तेच मला शोधायचंय," यशश्री म्हणाली.

"सरी, बरं," म्हणून अण्णांनी दोघांनाही पोसायला घेतलं.

डिसेंबरात तिचा प्रयोग उलटला. जंतू किती मारक आहे हे ती पतंगाच्या अळ्यांवर बघे. जखमेतला जंतू टोचल्यावर जूनमध्ये त्या एका दिवसात काळ्या पडून मेल्या होत्या. आता त्या खुशाल वळवळत होत्या. "जूनमध्ये माझंच काहीतरी चुकलं असणार," ती रडवेली होऊन म्हणाली. "शुक्रवारी गाईडना सांगते, ते निकाल रद्द करा." म्हणजे पोरीचे सहा महिने पाण्यात.

त्या संध्याकाळी श्यामलाबाईंनी ताटात दही वाढलं. "रोज लावते म्हणून असं गोड राहतं हं. दोन दिवस तसंच ठेवा, डोकं फिरतं त्याचं."

अण्णांचा घास हातातच राहिला. दिवाळीपासून इन्क्युबेटर उघडल्यावर द्राक्षांचा वास येत नव्हता. त्यांना वाटलं होतं, पोरगं वळणाला लागलं. आयतं खायला मिळतंय, भांडायला कुणी नाही, मग विष करायची यातायात कोण करतो? बिनहत्यारी तेवढे भराभर वाढले आणि अण्णांनी सोमवारी सोमवारी त्यांनाच पुढे नेलं. आजोबांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं झालं, तसलंच काहीसं अण्णांच्या मायेनं सहा महिन्यांत करून दाखवलं. अति तिथे माती, दुसरं काय.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, महिन्याभरात हार-नारळ घेऊन घरी. अण्णांना तो मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण यशश्रीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी ते तिच्या टेबलापाशी उभे राहिले. "तुझं काही चुकलं नाही, बाळ. मी लाड करून बिघडवला त्याला." मग नोंदवहीत, जिथे एकतीस वर्षं नुसतं 'ठीक' लिहीत आले होते, तिथे त्यांनी आपली चूक लिहून खाली सही केली.

यशश्रीनं ती वाचली. "जूनची ती गोठवलेली कुपी आहे ना?"

"आहे. पण बर्फात जगला असेल, असं मला वाटत नाही."

कुपीतला कण प्लेटवर गेला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि द्राक्षांचा वास नाकात भरला. प्लेट हिरवीगार होती. टोचलेल्या अळ्या शुक्रवारी सकाळपर्यंत काळ्या पडल्या.

"अण्णा, आता ते वहीतलं खोडून टाका की," यशश्री हसत म्हणाली.

"स्वल्प थांब," म्हणून अण्णांनी पेन घेतलं. चूक तशीच ठेवली आणि तिच्याखाली लिहिलं, 'यशश्रीचे जूनचे निकाल बरोबर आहेत.'