कोनशिलेवरची खालची ओळ

नरहरकाका जोशी पूजा सांगायला बसले की संकल्पाची घाई करत नसत. बाकीचे भटजी तेवढा भाग एका दमात उरकतात. काका मात्र श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर असं एकेक पद सावकाश उच्चारायचे आणि यजमान मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल तर थांबायचे. "अहो, जग सुरू झाल्यापासून आज आपण कुठवर आलो, ते तुमच्या वतीनं सांगतोय. ऐका तरी." लोक हसायचे. पण विट्याजवळच्या आमच्या गावात नि आसपासच्या वाड्यांत ते एकटेच भटजी होते, त्यामुळे हसूनही त्यांनाच बोलवायचे.

मी क्रांती, तिथल्या हायस्कूलची विज्ञानाची शिक्षिका. देवधर्म मला फारसा पटत नाही, हे काकांना ठाऊक होतं. तरी आमचं जमायचं, कारण चुकीचं बोललेलं दोघांनाही खपत नसे. निदान माझी स्वतःबद्दल तशी समजूत होती.

गेल्या वर्षी शाळेला प्रयोगशाळा मिळाली. देणारे हंबीरराव, गावचेच. सोनं गाळून त्याचा टंच, म्हणजे शुद्धता, लिहून द्यायचं त्यांचं वडिलोपार्जित दुकान तमिळनाडूत आहे. अकरा वर्षं मी फळ्यावर चित्रं काढून प्रयोग शिकवले होते. आता खोली उभी राहिली, सूक्ष्मदर्शकांची खोकी आली, आणि उद्घाटनाच्या आदल्या दुपारी कोनशिला आली. हंबीररावांच्या वडिलांच्या नावाखाली एक ओळ कोरलेली होती: 'पृथ्वीचे वय: शास्त्र ४३२ कोटी वर्षे, विज्ञान ४५४ कोटी वर्षे. दोन्ही एकच.' हंबीररावांना ती मोबाइलवर कुणीतरी पाठवली होती आणि फार आवडली होती. पूजा झाली की काकांनी ती माइकवर वाचायची आणि शास्त्र जाणणारा माणूस म्हणून दुजोरा द्यायचा, असं ठरलं होतं.

काकांनी ओळ दोनदा वाचली. "क्रांतीबाई, हे चूक आहे. चारशे बत्तीस कोटी म्हणजे अख्खा कल्प, ब्रह्मदेवाचा एक दिवस. तो अजून अर्धाही झालेला नाही. चौदातली सहा मन्वंतरं सरली, सातवं चालू आहे. रोज संकल्पात मी दुसरं काय सांगतो? सरलेली वर्षं होतात एकशे सत्त्याण्णव कोटी."

"म्हणजे जुळतच नाही?"

"नाही जुळत. तुमचं तुमच्या जागी, आमचं आमच्या जागी."

मी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, उद्या एक दिवस वाचून टाका. शेठ तापट आहेत. खोकी अजून उघडलीसुद्धा नाहीत. पोरांच्या तोंडचा घास जाईल."

विज्ञानाची बाई हे बोलली. काकांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि ते घराकडं निघाले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. काकांनी संकल्पाला नेहमीपेक्षा जास्तच वेळ घेतला. हंबीररावांनी पडदा ओढला, माइक काकांच्या हातात दिला. काकांनी वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं आणि ते थांबले.

"खालची ओळ मला वाचता येणार नाही. शास्त्रात असं नाही." मग काल मला सांगितलेलं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

हंबीरराव कसनुसं हसले. "आवं काका, चारशे बत्तीस आन् चारशे चोपन्न. जवळजवळ सारखंच हाय की. काय बिघडतंय?"

"तुमच्या दुकानात चालतं जवळजवळ?" काकांनी विचारलं. "शंभरात पंच्याण्णव भरलं तर शुद्ध म्हणून लिहून देता?"

हंबीररावांचा चेहरा लालबुंद झाला. ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमी सांगा. काकांचं खरं का दगडावरचं?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी म्हणाले, "शेठ, विज्ञानाचा आकडा बरोबर आहे." एवढंच. दोन्ही एक नाहीत, हे उरलेलं गिळून टाकलं. काकांनी खाली बघत पंचांग पिशवीत ठेवलं.

"दगड काढा," हंबीरराव म्हणाले. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या खिशात गेली.

तीन महिने ते कुलूप तसंच होतं. हंबीररावांच्या भावकीनं काकांना बोलावणं बंद केलं. गणपतीला विट्याहून दुसरे भटजी आले. बाजारात काका दिसले की मी वाट बदलायचे. मला स्वतःची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर काकांचा रागही यायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी कोनशिला परत आली. वडिलांचं नाव तसंच होतं, खालची ओळ घासून काढलेली होती. हंबीररावांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आमच्या दादांनी जन्मात कुणाला खोटा टंच लिहून दिला न्हाई," वडिलांच्या नावाकडं बघत म्हणाले आणि गाडीत बसले. काकांचं नावही त्यांनी काढलं नाही, आणि भावकीची बोलावणी काही परत सुरू झाली नाहीत.

मी तशीच काकांच्या घरी गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी विचारलं, "ते सूक्ष्मदर्शक यंत्र मला बघायला मिळेल?" निघताना त्यांनी अंगणातला एक काळा खडा उचलून खिशात टाकला.

प्रयोगशाळेत मी त्यांना आधी कांद्याचा पापुद्रा दाखवला. ते लहान मुलासारखे हरखले. मग त्यांनी खडा भिंगाखाली ठेवला. "हा आपल्या डोंगराचा दगड. याचं वय दिसत असेल ना यात?"

एवढ्या आशेनं विचारलं होतं की हो म्हणावंसं वाटलं. म्हटलं असतं तर त्यांना कधी कळलंही नसतं.

"नाही काका," मी म्हणाले. "यात नाही दिसत. त्याला मोठी यंत्रं लागतात, ती आपल्याकडे नाहीत. आणि त्या दिवशी मांडवात मी अर्धंच बोलले."

काकांनी भिंगावरचा डोळा काढला नाही.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "आज तरी पूर्ण बोलता का बघायला, म्हणून तर हा दगड आणला."