मोफत गाण्यांचं शेवटचं कडवं

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी खडकी बाजारात भाजी घेत होतो. "भाऊजी, या... हे गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या. निवडलेली मेथी गाडीवरच राहिली. याला आता महिना-दीड महिना झाला, पण अजूनही कुठे चांगली चाल कानावर पडली की वाटतं, मिल्याला सांगायला हवं.

आम्ही दोघं दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. तो वडिलांच्या मागे कारखान्यात लागला, मी पुढे हडपसरच्या एका आयटी कंपनीत अकाउंट्सला. पाळी संपली की हा विहारात पेटी घेऊन बसायचा. भीमगीतं स्वतः लिहायचा, चाली स्वतः लावायचा. शेवटच्या कडव्यात रीतीप्रमाणे कवीची छाप, म्हणजे त्याचं नाव : ‘मिलिंद सांगे...’ त्या दोन शब्दांवर त्याची मान जरा ताठ व्हायची आणि आम्ही त्याला चिडवायचो.

कंपनीत नेट आलं तसं मी त्याला म्हटलं, कॅसेटवाल्यांच्या पाया पडण्यापेक्षा गाणी तिथे टाकू. विकायची का, असं विचारल्यावर म्हणाला, "धम्मदान आहे हे. दानाची पावती फाडतात का कुठे?" घरच्या कॉम्प्युटरवर त्याने सगळी गाणी रेकॉर्ड केली, एका फुकट साइटवर टाकली आणि तिथे खास आपल्या गावच्या पाटीसारखी सूचना लिहिली : ‘गाणी मोफत न्यावीत. शेवटचे कडवे कापू नये.’

लोकांनी गाणी नेली आणि नेमकं तेच कापलं. मिरवणुकीतल्या डीजेला तीन कडव्यांपुढे दम निघत नाही. मग त्या कापलेल्या गाण्यांचे व्हिडिओ झाले, खाली ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं. मिलिंद प्रत्येकाखाली लिहायचा, ‘हे गाणे माझे आहे.’ उत्तर यायचं, ‘काका, प्रूफ?’ प्रूफ द्यायला साइटच उरली नव्हती. परदेशातल्या मालकाने ती बंद केली होती, आणि मिल्याच्या कॉम्प्युटरची डिस्क त्याआधीच बसली होती. "जिवंतपणी पारंपरिक झालो बघ," असं तो हसत म्हणायचा. मला हसू यायचं नाही. राग यायचा, पण काढायचा कोणावर? चोरलं म्हणावं तर त्यानेच वाटलेलं...

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. त्याची नात पेटी घेऊन फोटोसमोर गात होती, आवाज थेट त्याचा. तिसऱ्या कडव्यानंतर ती थांबली.

"पुढचं?" मी विचारलं.

"एवढंच आहे, आजोबा. मोबाइलवर एवढंच आहे."

मी चौथं कडवं म्हणून दाखवलं... शब्दन्‌शब्द पाठ आहे मला. तिने ते दोनदा पेटीवर बसवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "चालीत बसत नाहीये."

बसणार कसं? छापेच्या कडव्याला तो चाल बदलायचा, वर चढवायचा. विहारातले त्याचे साथीदार त्याच्याआधीच गेले. वहिनी तोंडाला पदर लावून दारात रडत होत्या. ती चाल माझ्या कानात अजून जशीच्या तशी आहे. मी तोंड उघडलं, आणि जो सूर निघाला तो ऐकून पोरगी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी जन्मात कधी सुरात गायलेलो नाही.