सोसल्याचं इंग्रजी

"हा फिट कसा, सांगा ना ताई!" सुगंधाने फिटनेस सर्टिफिकेट माझ्या टेबलावर ठेवलं. मागे तिचा नवरा हरेश दाराला धरून धापा टाकत होता. माझं ऑफिस पहिल्याच मजल्यावर आहे.

मी पनवेलला मराठी जबाब इंग्रजीत करून देते. हरेश उरणकडचा कोळी, द्रोणागिरीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. तिथे अमोनिया, म्हणजे थंडाव्यासाठी वापरतात तो गॅस, लीक झाला आणि हरेश आत अडकला. कंपनीला द्यायचा त्याचा जबाब मीच घेतला होता. होडीवर वाढलेला माणूस दुखण्याबद्दल बोलणार किती? "काय सांगू? सोसला," एवढंच म्हणाला.

त्या शब्दावर मी दोन कप चहा घालवला. 'एक्स्पीरियन्स्ड' म्हटलं तर सहलीला गेल्यासारखं वाटत होतं. 'सफर्ड' मला रडकं वाटलं. शेवटी 'टॉलरेटेड' लिहिलं. माणसाचा मान राहतो, म्हणून स्वतःवर खूशही झाले.

सर्टिफिकेटवर सही कंपनीच्या डॉक्टरांची होती. मी फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही तपासलंत त्यांना?"

"जबाब वाचला. तुमचंच ट्रान्सलेशन. टॉलरेटेड द गॅस. पेशंटने औषध टॉलरेट केलं, असं आम्ही लिहितो ना? म्हणजे शरीराला त्रास झाला नाही."

मी फोन ठेवला. "ड्यूटी लागली?" मी सुगंधाला विचारलं.

"चार दिस झाले. त्याच खोलीत."

चार दिवस! शब्दाच्या हौसेपायी मी त्या माणसाला परत तिथेच पाठवलं होतं. डॉक्टरांचाही संताप आला. छातीला स्टेथोस्कोप लावायला काय झालं होतं? पण त्याने माझी चूक कमी होणार नव्हती.

मी हरेशला समोर बसवलं. "सोसलं म्हणजे काय काय झालं? एकेक सांगा."

तो खाली बघत म्हणाला, "उलट्या झाल्या. डोल्यांना दिसं नाय. आता होडीवर जालं वडायला दम नाय."

तेवढंच लिहिलं, अगदी साध्या इंग्रजीत. 'आधीचा शब्द माझा चुकला' असं पत्र जोडून दुपारीच आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हरेशला मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडे बघून त्यांनी सर्टिफिकेट रद्द केलं.

हरेश आता कंपनीच्या गेटवर बसतो. फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत.

हल्ली जबाब घेताना मी आधी शरीराला काय झालं ते विचारते, शब्द नंतर शोधते. त्या चार दिवसांनी किती नुकसान केलं, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांना सांगता आलं नाही.