तिफणीतला धुरकट तारा

माही सासू तुळसाबाई भाजी विकाले बसली की अख्खा रिसोडचा बजार तिले भ्याये, अन् ती भ्याये एका ताऱ्याले. हसू नका बाप्पा! तिच्या तरुणपणी शेंडेनक्षत्र निघालं होतं. त्याच साली तिची मोठी लेक बाळंतपणात गेली. तवापासून आभायावरचा तिचा भरोसा उडाला.

मले नववा लागला होता. फागुनात दिवस बुडला की तिफण, म्हंजे मृगातले एका रांगेतले तीन तारे, डोक्यावर ये. तिफणीच्या तीन ताऱ्यांखाली बारके तारे लोंबतात, त्यातला मधला तिले पुसट दिसला. "शेंडी फुटून राह्यली त्याले!" झालं! त्याची नजर पोटावर पडू नये म्हून माह्या खोलीची खिडकी पोत्यानं बुजवली, दाराले गोधडी, आत शेगडी. धुरानं जीव कासावीस. मले ताऱ्याचं भेव नोतं, सासूचं होतं. हिले नातू पायजे, मी मेली तरी चालते, असंच वाटे.

शेवटी मेथीची जुडी घेऊन ती प्रेमचंद शेठकडं गेली. शेठचं कापडाचं दुकान, पन नाद आभायाचा. माडीवर मोठी दुर्बीण. वापस आली तं थेट माह्या खाटेशी येऊन बसली.

"हिरवट धुकं हाये वो, पंखावानी पसरलेलं. मधात चार तारे, लखलख. शेठ म्हने, शेंडेनक्षत्र नाई, ते जागचं हालत नाई. वायूचा अन् धुळीचा ढग हाये. आपल्याच वजनानं गोळा होते, दबून दबून तापते, अन् तारा पेटते. त्या नव्या ताऱ्यांच्या उजेडानं सारा ढग चमकते. लाल रंगबी हाये म्हने, पन एवढ्या मंद उजेडात आपल्या डोयाले लाल दिसत नाई."

"मंग चांगलंच झालं ना, आत्याबाई?"

"चांगलं कायचं! तारे जलमतात तिथं. बाळंतिणीची खोली हाये ते, सीता. मी इचारलं, यातले जगतात किती?"

त्याच राती मले कळा सुरू झाल्या. "हवा येऊ दे," म्हनत सासूनं खिडकीचं पोतं ओढून फेकलं, शेगडी बाहेर नेली. आंगणात उभी राहून वर त्या ढगाले बोलली, मले साफ आयकू आलं. "बाई, तुही तू सांभाय. माहीकडं पाहू नोको."

मंग मले काही उमजेना, नुसता अंधार. लेकरू रडलं तेवढं आयकू आलं. सोनीबाई सुईण म्हने, "तुळसा, नात हाये, घे."

सासूनं तिकडं पाह्यलंबी नाई. माहं तोंड दोन्ही हातांत धरून बसली होती. "सीता, डोये उघड. झोपू नोको, माय. माह्याकडं पाय."